जीबी-माहात्म्य

ग्राफिक्स कार्ड घेताना खोक्यावरचा एकच आकडा वाचून खिशात हात घालणाऱ्या माणसाची हल्ली फार टिंगल होते. त्याला बकरा म्हणतात, भाच्यापुतण्यांदेखत त्याचा पाणउतारा करतात, आणि त्यानं आधी कुणाला तरी विचारायला हवं होतं म्हणून हळहळतात. हा कृतघ्नपणा आहे. मुंबईचा लॅमिंग्टन रोड आणि पुण्याची तपकीर गल्ली ज्याच्या जिवावर दिवाबत्ती करतात, ज्याच्या कृपेनं बड्या चिप-कंपन्यांच्या गोदामांत नकोसा झालेला मालसुद्धा फार काळ पडून राहत नाही, त्याच्याबद्दल कुणीतरी चार चांगले शब्द लिहायला हवे होते. कुणी लिहीत नाही असं पाहून ते काम मी अंगावर घेतलं आहे.

त्याची खरेदी आधी नीट पाहू. तो दुकानात येतो. सोबत नुकताच दहावी झालेला मुलगा.

"दादा, हे कार्ड किती जीबीचं?"

"चार जीबी, साहेब."

"आणि ते पलीकडचं?"

"ते दोन जीबी. पण साहेब, ते..."

"दोन जीबीचं, आणि महाग?"

"त्याची चिप वेगळी आहे ना साहेब."

"राहू द्या. चारवालंच बांधा."

मुलगा काहीतरी पुटपुटतो. वडील त्याच्याकडे पाहतात, तो गप्प बसतो. व्यवहार पुरा. दुकानदारानं खरं सांगायचा प्रयत्न केला होता, तो अर्ध्यात अडवला गेला, हे ध्यानात ठेवावं. बाजारात फसवणारे फार असतात हा समज निराधार आहे. पुष्कळदा ग्राहक त्यांना तेवढा वेळच देत नाही.

आता यावर जाणकार मंडळी व्याख्यान देतात. ते म्हणतात, मेमरीचे जीबी म्हणजे लग्नाच्या मुदपाकखान्यात किती भात शिजलाय ते. पानात तो पडतो वाढप्यांच्या जोरावर. वाढपी किती, हे मेमरी बस किती बिटांची आहे त्यावरून कळतं. ते किती चपळ, हे मेमरी डीडीआर३ आहे की जीडीडीआर५ यावरून. दोन्हींचा गुणाकार करून आठानं भागलं की सेकंदाला किती जीबी भात पानापर्यंत पोचतो ते निघतं, त्याला बँडविड्थ म्हणायचं. चार जीबीच्या जीटी ७३०चा ६४ बिटांचा, डीडीआर३वाला अवतार घेतला तर हा आकडा येतो १४.४. दोन जीबीच्या जीटीएक्स १०५०मध्ये तो ११२ आहे. म्हणजे जवळजवळ आठपट. शिवाय पंगतीत बसून भात फस्त करणारे, म्हणजे चिपमधले कोअर, पहिल्यात ३८४ आणि दुसऱ्यात ६४०, तेही नव्या घडणीचे.

आपला माणूस हे सगळं शांतपणे ऐकतो आणि विचारतो, "पण भात जास्त कुठे शिजलाय?"

जाणकारांकडे याला उत्तर नाही. भात खरोखरच तिकडे जास्त आहे.

कंपन्यांनाही या माणसाची कदर आहे, हे मला विशेष नमूद करावंसं वाटतं. २०१७ साली एनव्हिडियानं जीटी १०३० नावाचं छोटं कार्ड काढलं. ऑफिसातून निवृत्त झालेल्या जुन्या डेस्कटॉपला नवसंजीवनी द्यावी, वेगळी वीजजोडणी लागू नये, जेमतेम ३० वॅटमध्ये भागावं, असं गरिबाघरचं कार्ड. मेमरी दोन जीबी, जीडीडीआर५, बस ६४ बिटांची, बँडविड्थ सेकंदाला ४८ जीबी. पुढच्या वर्षी त्याच नावाचं, तितक्याच जीबीचं, तसंच दिसणारं दुसरं कार्ड दुकानांत आलं. त्यात मेमरी साधी डीडीआर४ आणि बँडविड्थ १६.८. खेळांतला वेग जवळजवळ निम्म्यावर. परदेशी परीक्षकांनी गहजब केला की निदान नाव तरी बदलायचं होतं. मला हा आक्षेप माणुसकीला सोडून वाटतो. नाव बदललं असतं तर ग्राहकाला दोन नावं पाठ करावी लागली असती, तुलना करावी लागली असती, कदाचित दुकानातून रिकाम्या हातानं घरी जावं लागलं असतं. एक नाव ठेवून कंपनीनं त्याचा केवढा त्रास वाचवला! आणि लपवाछपवी म्हणावी तर तीही नाही. डीडीआर४ असं खोक्यावर छापलेलं असतं, काही मॉडेलांच्या शेपटाला 'डी४' अशी खूणही असते. ज्याला वाचायची खोड आहे त्याच्यासाठी सोय केलेली आहे. बाकीच्यांना उगाच छळलेलं नाही.

ही परंपरा जुनी आहे. २००२ साली जीफोर्स ४ एमएक्स या नावानं जे कार्ड घराघरांत गेलं, त्याच्या पोटात दोन पिढ्या मागच्या जीफोर्स २चंच तंत्र होतं. जीफोर्स ३पासून आलेली शेडर प्रोग्राम करण्याची सोय त्यात नव्हती. पुढे ८८०० जीटीएस, मग ९८०० जीटीएक्स, मग जीटीएस २५० अशी जवळपास एकाच चिपची दीड वर्षात तीन बारशी झाली. आपल्याकडे बाळाची पत्रिका बघून नाव ठेवतात. तिकडे विक्रीची पत्रिका बघून ठेवतात, एवढंच.

जीबी मोजण्यात कंपनीकडून चूक झाली ती एकदाच, आणि तीसुद्धा ग्राहकाला कळली हीच खरी शोकांतिका. २०१४ सालचं जीटीएक्स ९७० हे चार जीबीचं कार्ड. त्यातली साडेतीन जीबी झपाट्यानं चालायची आणि शेवटची अर्धी रखडत. जानेवारी २०१५मध्ये काही चिकित्सक वापरकर्त्यांनी हे उकरून काढल्यावर कंपनीनं खुलासा केला की छापील तपशीलही थोडा चुकला होता. चित्र पुरं करणारे आरओपी नावाचे घटक ६४ लिहिले होते, ते निघाले ५६. अमेरिकेत लोक कोर्टात गेले आणि २०१६मध्ये तडजोड होऊन कार्डामागे ३० डॉलर भरपाई ठरली. आपल्याकडे या कार्डाच्या अनेक मालकांना यातलं काही कानावरच आलं नाही. त्यांचं कार्ड आजतागायत पुरं चार जीबीचं आहे.

याउलट अभ्यासू ग्राहकाची अवस्था बघवत नाही. तो तक्ता करतो. एका रकान्यात २०२१ सालचं आरटीएक्स ३०६०, दुसऱ्यात २०२३चं आरटीएक्स ४०६०. मेमरी : १२ जीबी विरुद्ध ८. बस : १९२ बिट विरुद्ध १२८. बँडविड्थ : ३६० विरुद्ध २७२. कोअर : ३५८४ विरुद्ध ३०७२. अगदी वीजसुद्धा १७० वॅट विरुद्ध ११५, आणि जास्त खातो तो जास्त राबतो असा त्याचा घरगुती अनुभव. प्रत्येक ओळीत जुनं कार्ड जिंकलं. तक्त्याखाली दुहेरी रेघ मारून तो निकाल जाहीर करतो आणि मग खेळांच्या चाचण्या पाहतो. बहुतेक ठिकाणी ४०६० पुढे.

कारण तक्त्यात नसलेल्या दोन ओळींत होतं. नव्या चिपचं घड्याळ १.७८ गिगाहर्ट्‌झवरून २.४६वर गेलं होतं, आणि चिपच्या आतली एल-टू कॅश ३ एमबीवरून २४ एमबी झाली होती. म्हणजे भाताची परात पंगतीच्या तोंडाशीच आणून ठेवली, वाढप्यांच्या मुदपाकखान्यातल्या खेपाच कमी झाल्या. कोअर मोजून निर्णय घ्यावा म्हटलं तर तिथेही तेच. २०८० टीआयचे ४३५२ कोअर आणि पुढच्या पिढीतल्या ३०७०चे ५८८८ साधारण एकाच वेगानं धावतात, कारण मधल्या काळात एका कोअरमध्ये काय काय धरायचं तेच बदललं. एका पिढीतला आकडा दुसऱ्या पिढीतल्या आकड्याशी लावायचा नाही, त्याच पिढीतल्या भावंडांशी लावायचा, आणि शेवटी आपण जो खेळ खेळणार त्याची प्रत्यक्ष चाचणी बघायची, एवढं साधं शहाणपण मिळवायला या बिचाऱ्याला तक्त्याचे कित्येक रकाने भरावे लागले. तोवर पहिल्याचा मुलगा खेळून कंटाळलाही होता.

अभ्यासूंचा आणखी एक दोष म्हणजे ते थांबतात. २०२१मध्ये इथेरियम या आभासी चलनाच्या मायनिंगपायी कार्डं अव्वाच्या सव्वा भावानं जात होती, म्हणून ते थांबले. सप्टेंबर २०२२मध्ये इथेरियमनं मायनिंगची पद्धतच मोडीत काढली, वापरलेली कार्डं स्वस्तात बाजारात आली, तर त्या कार्डांनी दिवसरात्र राबून काय हाल सोसले असतील या विचारानं पुन्हा थांबले. नंतर नवी पिढी येणार म्हणून थांबले. ती आली, तर ती महाग म्हणून. बाजाराला अशा माणसांचा काडीचा उपयोग नाही.

कंपनी मात्र जीबीभक्ताची वाट पाहत थांबत नाही, स्वतः त्याच्या दारी जाते. २०२३च्या मे महिन्यात ४०६० टीआय ८ जीबीत आलं, किंमत ३९९ डॉलर. जुलैत तेच १६ जीबीत, ४९९ डॉलरना. चिप तीच, बस १२८ बिटांचीच, बँडविड्थ २८८ची २८८. साध्या फुल एचडी पडद्यावर बहुतेक खेळांत दोघांत फरक शोधावा लागतो. पण न्यायानं बोलायचं तर काही नव्या खेळांत टेक्श्चरचा दर्जा सर्वांत वर नेला की ८ जीबी खरोखर तोकडी पडते, चित्र अडखळतं, आणि १६वालं कार्ड हसतखेळत पुढे निघून जातं. भक्ताला संपूर्ण खोटं पाडता येत नाही ते असं. अधूनमधून देव त्याला पावतो.

सर्वांत मोठा कौल ३०६०नंच दिला. त्या कार्डाची बस १९२ बिटांची, म्हणजे मेमरीच्या सहा चिपा. तेव्हा एकेक चिप एक जीबीची घ्या नाहीतर दोन जीबीची. सहा कमी पडतील म्हणून कंपनीनं १२ केली. त्यामुळे त्याच घराण्यातल्या थोरल्या, महागड्या ३०७०कडे ८ जीबी आणि धाकट्याकडे १२ असा उलटा प्रकार झाला. ज्यांनी निव्वळ मोठा आकडा बघून ३०६० उचललं, त्यांना तेव्हा जाणकार हसले. मग २०२२च्या ऑगस्टमध्ये स्टेबल डिफ्यूजन आलं, घरच्या संगणकावर एआयची चित्रं काढायची टूम निघाली, पाठोपाठ भाषेची मॉडेलंही लोक घरी चालवू लागले. अशा कामात मॉडेल मेमरीत मावतं की नाही हा पहिला प्रश्न असतो आणि वेग दुसरा. ८ जीबीवाले थोरले मॉडेल मावेना म्हणून मेटाकुटीला आले. १२ जीबीवाल्या काकांना विजयाचा फोन पुतण्याला करता आला असता. त्यांनी केला नाही, कारण आपण जिंकलो हे त्यांना अजून कळलेलं नाही.

नावावर विसंबणाऱ्यांचंही थोडं कौतुक करू, नाहीतर त्यांना वाईट वाटेल. सप्टेंबर २०२२मध्ये आरटीएक्स ४०८० दोन रूपांत जाहीर झालं, १६ जीबी आणि १२ जीबी. वरवर फरक चार जीबीचा. आत मोठ्याला ९७२८ कोअर आणि २५६ बिटांची बस, छोट्याला ७६८० आणि १९२. लोकांनी एवढा आरडाओरडा केला की दुकानात पोचण्याआधीच, ऑक्टोबरमध्ये, कंपनीनं ते १२ जीबीचं कार्ड मागे घेतलं. जानेवारीत तेच ४०७० टीआय म्हणून आलं आणि शंभर डॉलरनं स्वस्त झालं. म्हणजे कंपनीचं एक नाव तेवढं खर्च झालं. पुढे जानेवारी २०२५मध्ये लास व्हेगासच्या मंचावरून कंपनीचे प्रमुख जेन्सन हुआंग यांनी सांगितलं की ५४९ डॉलरचं आरटीएक्स ५०७० आता ४०९०इतकी कामगिरी देईल. ५०७०चे कोअर ६१४४, ४०९०चे १६३८४, मेमरी निम्मी. हिशेब जुळतो तो असा की कार्ड एक चित्र स्वतः काढतं आणि पुढची तीन एआय अंदाजानं भरतं. चारांतली तीन चित्रं अंदाजानं आलेली असताना निकाल मात्र चारही चित्रांचा धरायचा, ही पद्धत बोर्डाच्या परीक्षेत लागू झाली तर शंभर टक्के निकालाच्या शाळांची गर्दी होईल.

एएमडीला कमी लेखू नये. २०२०मध्ये या कंपनीनं स्वतःच लिहून ठेवलं होतं की आजच्या खेळांना चार जीबी पुरत नाहीत. जानेवारी २०२२मध्ये तिनं रेडिऑन आरएक्स ६५०० एक्सटी आणलं, चार जीबीचं. त्या टंचाईच्या दिवसांत ते मिळत होतं हाच त्याचा मोठा गुण. बस ६४ बिटांची, व्हिडिओ एन्कोड करण्याची यंत्रणा काढून टाकलेली, आणि मदरबोर्डाशी बोलायला पीसीआय एक्सप्रेसच्या चारच लेन. खाच मात्र सोळा लेनची वापरतं, त्यामुळे बसवताना छाती भरून येते. मदरबोर्ड चौथ्या पिढीचा असेल तर या चार लेन पुरतात. तिसऱ्या पिढीचा असेल तर त्यांची वाहतूक निम्मी होते, आणि मेमरी चारच जीबी असल्यामुळे खेळाला याच रस्त्यानं सतत येजा करावी लागते. आता स्वस्तातलं कार्ड कोण घेतं? ज्याच्याकडे जुना मदरबोर्ड आहे तो. आणि त्याच्याच घरी ते सर्वांत संथ चालतं. यात ग्राहकाचा काय दोष, असं काहीजण विचारतील. दोष कोण म्हणतंय? मी तर गुण गातोय.

पंखे आणि दिवे यांवर फार लिहीत नाही. तीन पंखे दोनपेक्षा जास्त असतात, याबद्दल जाणकारांचंही दुमत नाही.

राहता राहिला संगणकाला वीज पुरवणारा एसएमपीएस. कॅबिनेटसोबत फुकट आलेल्या एसएमपीएसवर ४५० वॅट असं ठळक छापलेलं असतं आणि कार्डाला लागणाऱ्या १२ व्होल्टच्या तारेतून किती अँपिअर मिळणार ते त्याच स्टिकरवर बारीक अक्षरांत. आपला माणूस ठळक अक्षरांचा पाईक असल्यामुळे तो २०० वॅटचं कार्ड त्यावर निर्धास्त लावतो. खेळात ऐन लढाई रंगली की संगणक बंद पडतो. घरात याला व्हायरस म्हणतात आणि विंडोज पुन्हा टाकून घेतात. कार्डाच्या लांबीचंही तसंच. एनव्हिडियाचं स्वतःचं ४०९० तीस सेंटिमीटरहून लांब आहे आणि तीन खाचांची जागा अडवतं, इतर कंपन्यांची त्याहून लांब. पण कॅबिनेटच्या आत फूटपट्टी धरून दुकानात गेलेला माणूस मी तरी पाहिलेला नाही. हार्ड डिस्कचा पिंजरा कापायला करवत घरोघरी असतेच.

आणि तरीही या सर्वांचा मुकुटमणी वेगळाच आहे. हा माणूस पैसे साठवतो, चांगल्या ठिकाणी विचारपूस करतो, चांगलं कार्ड घेतो, एसएमपीएससुद्धा नवा घेतो, कार्ड नीट बसवून घेतो. मग घरी येऊन मॉनिटरची एचडीएमआय केबल कार्डाच्या पाठीला न लावता वरच्या बाजूला, मदरबोर्डाच्या एचडीएमआयला लावतो, कारण आधीची तिथेच होती. चित्र दिसतं. अनेक संगणकांत ते प्रोसेसरातल्या अंगभूत ग्राफिक्सवरच तयार होत असतं. १४४ हर्ट्‌झचा मॉनिटर ६० हर्ट्‌झवर चालत राहतो, खेळ पूर्वीसारखेच अडखळतात, आणि माणूस म्हणतो, आजकालचे खेळच जड झालेत बुवा. कार्ड आपल्या जागी थंडगार बसून असतं. पंखे फिरत नाहीत म्हणून आवाज नाही, वीजबिल वाढत नाही, तीन वर्षांची वॉरंटी एकाही तक्रारीविना सुखरूप पार पडते. शेवटी नवं कार्ड घ्यायचं ठरतं आणि जुनं विकायला काढताना तो जाहिरातीत लिहितो, 'तीन वर्षं जुनं, अजिबात न वापरलेलं.' या सगळ्या धंद्यात मी वाचलेलं शब्दशः खरं असं विधान एवढंच. फोन करणारे ते वाचून आपसात कुजबुजतात की नक्की मायनिंगचं असणार, आणि भाव निम्म्यावर आणतात.